खांद्यावर चन्नव्वा

नेत्रावती : अत्ती, केस सोडा! आधी माजे केस सोडा!

चन्नव्वा : तू आधी माजी तंगडी सोड, मग मी केस सोडते!

पंचशीला : दोगी बी सोडा. पडलाव ते पडलाव, आता भुसकटात लोळत भांडू नका.

(खजुरी गाव, घरामागचं खळं. तुरीची मळणी उरकलेली आहे, भुसकटाचा ढीग मऊ आहे, पडायला बरा. नेत्रावती ही सून, चन्नव्वा ही सासू, म्हणजे तिची ‘अत्ती’. पंचशीला आळंदच्या अग्निशामक ठाण्यात नोकरीला आहे. परवा कलबुर्गीला त्याच खात्याची भरती, म्हणून नेत्रावतीची तयारी करून घ्यायला ती सुटीच्या दिवशी स्कूटी हाणत आली आहे. सासूला खांद्यावर टाकून खळं पार करायचं, असा आजचा बेत. तो कुणाच्या डोक्यातून निघाला, ते तिघी एकमेकींवर ढकलतात. चन्नव्वा अंगानं चांगली भरलेली आहे आणि ही गोष्ट तिच्यासमोर कुणी काढत नाही.)

चन्नव्वा : अय्यो शिवने! कंबर मोडली का बघ गं. न्हाई मोडली? मोडायला पायजे होती. सुटले असते ह्या खेळातनं.

नेत्रावती : तुमी माज्यावर पडलाव अत्ती. मोडली असंल तर माजी मोडली असंल.

चन्नव्वा : म्हंजे? मी जड हाय म्हणायलीस?

नेत्रावती : मी कुठं म्हणलं?

चन्नव्वा : हाडं जड हाईत माजी. माज्या म्हायेरची, निर्ण्याची सगळी माणसं हाडापेरानं मोठी. आमच्या अप्पाला बैलगाडीत बसवताना बैल मागं वळून बघायचे.

पंचशीला : हाडंच पायजेत मावशी, म्हणून तर तुमाला बोलवलंय. नेत्रा, ऊठ. काय चुकलं सांग.

नेत्रावती : गुडघा. डावा वर येईना.

पंचशीला : कामून येईना?

नेत्रावती : डोळ्यावर केस, केसात अत्तींची मूठ, मान मागं वढलेली. उठू कशी?

पंचशीला : बरूबर. मावशी, तुमी धरताव कामून? धुरात गुदमरून पडलेला माणूस कुणाला धरतोय का?

चन्नव्वा : मला काय म्हाईत तो काय करतोय? मी कधी गुदमरून पडले? पायाखालची जमीन सुटली की हात आपोआप धरतोय. माकड बी फांदी धरतंय.

नेत्रावती : फांदी धरा की मग. माजा बुचडा कामून?

चन्नव्वा : फांदी कुठं हाय हितं? तुजा बुचडा जवळ होता.

पंचशीला : ऐका मावशी. तुमी बेशुद्ध हाव. हात सैल, पाय सैल, मान सैल. काय बी धरायचं न्हाई. नेत्रा तुमाला जमिनीवरून उचलणार, खांद्यावर आडवं टाकणार, अन् ह्या ढिगापासून त्या चिंचंपर्यंत नेणार. कलबुर्गीच्या मैदानात असंच राहतंय.

चन्नव्वा : अन् पोत्यानं काय वाईट केलं होतं? दिवाळीपासून हरभऱ्याचं पोतं पाठीवर घेऊन माळवदाचा जिना चढायलीस, उतरायलीस. पहाटं उठून बैठका. वरची माती माज्या अंथरुणात पडायलीय. शेजारची लिंगम्मा मला विचारली, सुनेला हमालीला लावलीस का गं? मी म्हणले, न्हाई, हौसंनं करायलीय.

नेत्रावती : मागच्या बारीला बी मी पोत्यावरच तयारी केलते. तेच नडलं. मैदानात माज्यापुढं जी पोरगी झोपवली, ती हिकडून धरली की तिकडून निसटायली. हात एकीकडं, मुंडकं एकीकडं. खांद्यावर घेतली, उठायला गेले, अन् गुडघा तिथंच बसला.

पंचशीला : पोतं शिवलेलं राहतंय मावशी. ठेवलं तिथं गप राहतंय. माणूस सगळ्या बाजूनं सांडतोय. त्याला सावरून मांड्यांच्या जोरावर उठायचं, हे जित्या माणसावरच शिकावं लागतंय.

चन्नव्वा : मग नवऱ्याला घे की. त्यो बी जिताच हाय.

नेत्रावती : घेतलं होतं. त्यास्नी गुदगुल्या होतेत. खांद्यावर टाकलं की खी खी करून हसायलेत. हसणारा माणूस धरावा तरी कुठं?

चन्नव्वा : लहानपणापासून तसाच हाय संगमेश. टोपडं बांधताना बी हसायचा.

नेत्रावती : अन् आता तर टेम्पो घेऊन हैदराबादला गेलेत. भरतीच्या आधी यायचे न्हाईत.

चन्नव्वा : मग ही पंचशीला हाय की. हिला घे.

पंचशीला : मी कडब्याची पेंढी हाव मावशी. मला उचलून काय परीक्षा हुणार? शिवाय तिची टाच, तिचा गुडघा बघायला कुणीतरी खाली पायजे.

चन्नव्वा : म्हंजे जाड मीच.

पंचशीला : हाडं मावशी, हाडं.

चन्नव्वा : आत्ताच जेवलेय मी. पोटात डाळ-पाल्याची मुद्दा भाजी हाय. उलटं केलं तर भाईर येईल.

नेत्रावती : जेवून लई येळ झाला अत्ती. मीच वाढलं.

चन्नव्वा : लिंगम्मा बघायलीय माळवदावरून. सांडगे वाळवायचं निमित्त करून उभारलीय. सांजच्याला साऱ्या गावात होईल, सुनेनं सासूला उचलून आपटली म्हणून.

नेत्रावती : न्हाई जमलं तर तसंच म्हणतील. जमलं तर दुसरं काय तरी म्हणतील.

चन्नव्वा : जमलं न्हाई तर काय आभाळ कोसळतंय का? घरात खायला हाय. शेत हाय. टेम्पो हाय. भाकरी काय थांबायलीय का?

नेत्रावती : अत्ती, ही शेवटची बारी हाय. पुढल्या साली माजं वय बसत न्हाई. परवा गुडघा टेकला तर मला पुन्हा मैदानात बी घेणार न्हाईत. मग आयुष्यभर पोतीच उचलीन. तुमी एकदा खांद्यावर या. एवढंच मागायलेय.

चन्नव्वा : तोंड असं केलीस की मला न्हाई म्हणता येत न्हाई. बरं, झोपते. पंचशीला, तो पदर खोच माजा. हं. अन् माज्या पोटऱ्या उघड्या पडल्या तर झाकायचं काम तुजं.

पंचशीला : व्हय मावशी. पडा. डोळे मिटा.

चन्नव्वा : थांबा!

नेत्रावती : आता काय झालं?

चन्नव्वा : माजं इष्टलिंग... गळ्यात न्हाई... हां, हाय, हाय. शिवा शिवा! मगाशी पडताना लिंगाची डबी पार मानंमागं गेलीय. हे बघ, दोरा कुठं आलाय. अय्यो, मी उलटी लोंबकळले तर हे खाली लोंबकळंल. जमिनीकडं. सुटलं तर?

नेत्रावती : व्हय की. माज्या ध्यानातच आलं न्हाई.

चन्नव्वा : तुजं आखूड दोऱ्यानं गळ्याशी बांधलंय, अन् तू उभीच राहणार. उलटी मी व्हायलीय. न्हाई गं बाई. वजनाचा, पोटाचा, लिंगम्माचा सगळा बहाणा होता, मान्य. हा बहाणा न्हाई.

पंचशीला : मग मावशी, थोडा येळ काढून देवळीत ठेवा की. मी बघते, कुणी हात लावणार न्हाई.

चन्नव्वा : काढून?

नेत्रावती : पंचशीला, ते अंगावरून काढत न्हाईत. जन्मल्यावर बांधतेत ते मातीत जाईपर्यंत.

पंचशीला : चुकलं मावशी. मला म्हाईत नव्हतं.

चन्नव्वा : तुजं काय चुकलं? तू विचारलीस. न विचारता हात लावली असतीस तर चुकलं असतं. बस. इचार करू दे मला.

नेत्रावती : ऱ्हाऊ द्या अत्ती. मी पोत्यावरच करते आज. पोतं जरा ढिलं बांधते.

चन्नव्वा : गप बस म्हणले ना. ...पूजेला आपण लिंग कुठं घेताव?

नेत्रावती : तळहातावर.

चन्नव्वा : तळहातावर चालतंय. रोजच चालतंय. मग डबी डाव्या तळहातावर, वरून उजवा हात, अन् दोन्ही हात असे छातीशी घट्ट. मी उलटी झाले काय, आडवी झाले काय, ते माज्या हातातच. कुठं लोंबकळतंय?

नेत्रावती : पण तुमचे हात अडकले की. भ्या वाटलं तर धराल काय?

चन्नव्वा : त्यालाच धरते की. तुज्या बुचड्यापेक्षा बरं.

पंचशीला : मावशी! कळलं का तुमाला काय केलाव ते? दोन्ही हात छातीशी. म्हंजे आता तुमाला नेत्राला धरताच यायचं न्हाई! मी मगापासून घसा कोरडा करून हेच सांगायलेय!

चन्नव्वा : मी तुज्यासाठी न्हाई केलं. बरं, टाका मला. झोपले मी. नमः शिवाय, नमः शिवाय...

पंचशीला : नेत्रा, रेडी? घे तिच्या काखेतनं हात. बसती कर. तुजं डोकं तिच्या काखेखाली घाल. हं, कमरेत वाकू नको, खाली बस. पुरी खाली.

नेत्रावती : बसले.

पंचशीला : मांडीखालनं हात. वढ तिला खांद्यावर. निम्मी हिकडं, निम्मी तिकडं. बसली का नीट?

नेत्रावती : बसली.

चन्नव्वा : नमः शिवाय... हाडं टोचायलीत गं तुजी... नमः शिवाय...

पंचशीला : बेशुद्ध माणूस तक्रार करत न्हाई मावशी! नेत्रा, छाती वर. टाच दाब. उजवी टाच मातीत रुतू दे. पाठीनं उठू नको, मांडीनं ऊठ. ऊठ!

नेत्रावती : येईना...

पंचशीला : येतोय. डावा गुडघा सुटलाय, मी बघायलेय. दाब टाच! दाब!

नेत्रावती : आ...

पंचशीला : उठली! अगं उठली गं बाई! चल आता, उभी राहू नको, चल. बारीक पाऊल. चिंच बघ, खाली बघू नको.

चन्नव्वा : मी वर हाय का खाली?

नेत्रावती : वर.

चन्नव्वा : मग जमीन मला डोक्यावर कामून दिसायलीय?

पंचशीला : मावशी, बोलू नका! तिचा दम जातोय.

चन्नव्वा : नेत्रा.

नेत्रावती : हं.

पंचशीला : मावशी, बेशुद्ध माणूस...

चन्नव्वा : आलेय मी शुद्धीवर. धूर कमी झालाय. नेत्रा, निवड झाली तर तुला बेंगळूरला जावं लागतंय का?

नेत्रावती : ट्रेनिंगला... व्हय.

चन्नव्वा : अन् मग?

नेत्रावती : मग... टाकतील तिथं.

चन्नव्वा : बळ्ळारी? मंगळूर?

नेत्रावती : कुठं बी.

चन्नव्वा : संगमेश टेम्पोवर. तू मंगळूरला. मग मी हितं कुणासंगट भांडू गं? लिंगम्मासंगट भांडून मजा येत न्हाई. ती लगेच रडती.

नेत्रावती : अत्ती... आता नका... पाय...

चन्नव्वा : उलटं टांगल्यावर पोटातलं तोंडात येतंय, त्याला मी काय करू? मगाशी तुजे केस मी भ्यानं धरले. पण धरून ठेवले ते भ्यानं न्हाई. मला वाटलं, टेकू दे गुडघा. परवा बी टेकू दे. पोरगी घरात राहील. असं वाटलं मला नेत्रा. शिवाला हातात धरून खोटं कसं बोलू?

पंचशीला : नेत्रा, थांबू नको! पाऊल टाक!

नेत्रावती : थांबले न्हाई.

पंचशीला : वाकायलीस. छाती वर.

नेत्रावती : राग आलाय मला. अत्ती, लई राग आलाय तुमचा.

चन्नव्वा : येणारच. ये, बोल मला. दोन शिव्या दे.

नेत्रावती : उतरल्यावर... देते.

पंचशीला : येऊ दे राग, चांगला हाय, मांडीत उतरू दे. चल, आली चिंच. अजून थोडं. अजून. झालं! झालं! आता टाकू नको, आधी तू खाली बस. हळू. मावशी, पाय टेका.

चन्नव्वा : टेकले. अय्यो, गरगरायलंय. चिंच कुठं पळायलीय बघा. लिंग हाय हातात. हाय. शिवा.

पंचशीला : नेत्रा, गुडघा एकदा बी टेकला न्हाई. एकदा बी! मी आमच्या ठाण्यात सांगते बघ. नेत्रा? रडायलीस का हसायलीस?

नेत्रावती : दम खायलेय.

चन्नव्वा : दे आता शिव्या.

नेत्रावती : तुमाला काय वाटलं अत्ती, मी उड्या मारत जायलेय? मला बेंगळूरला कोण हाय? सकाळी उठून मी कुणाला सांगू, तुमी मीठ जास्त टाकलाव म्हणून? पण त्या दिवशी अमरनाथ काकाची कडब्याची गंजी पेटली न्हाई का. सगळा गाव बांधावर उभा, हातात घागरी. अन् ही पंचशीला पाण्याचा जाड पाईप खांद्यावर टाकून ढेकळातनं पळत आली. सगळे पुरुष मागं, ही पुढं. मला तवाच वाटलं, हे मला येतंय. माज्या पायांना येतंय. आजपावेतो मला आपलं काय येतंय, असं कधी वाटलंच न्हाई अत्ती. तुमी म्हणलाव तर मी राहीन घरात. पण मग मी रोज तुमचे केस धरून भांडीन, सांगून ठेवते.

चन्नव्वा : माजे केस किती राहिलेत? एका दिवसात संपतील.

पंचशीला : मावशी, खरं सांगू? मी नोकरीला लागले तवा माजी आय बी असंच म्हणली. आता सुटी संपायच्या आधीच विचारती, जाणार कधी, तुला पिठलं करून द्यायचंय.

चन्नव्वा : तुजी आय शहाणी हाय. मला शहाणी व्हायला जरा येळ लागतोय. निर्ण्याची हाय मी. हाडासंगट डोकं बी जड. नेत्रा, दम खाल्लीस का?

नेत्रावती : खाल्ला.

चन्नव्वा : मग ऊठ. पुन्हा घे मला.

नेत्रावती : पुन्हा?

चन्नव्वा : मगाशी मी बोलत होते, अंग ताठ होतं माजं. ते काय खरं बेशुद्ध न्हवं. आता गप पडते. खरं वजन बघ माजं. अन् पंचशीला, त्या लिंगम्माला म्हणावं, नीट दिसंना झालं तर खाली ये, हितं चिंचंखाली सावली हाय.

पंचशीला : ओ लिंगम्मा मावशी! या की खाली! ...गेल्या बघा आत.

चन्नव्वा : गेली? आता कामाच्या येळी गेली व्हय! झोपले मी. घे.

पंचशीला : नेत्रा, बस खाली. टाच. छाती. मावशी एकदम सैल पडल्यात बघ, हीच खरी परीक्षा. घसरू देऊ नको. बसली? ऊठ.

नेत्रावती : जड... हाईत...

पंचशीला : कोण?

नेत्रावती : हाडं...

पंचशीला : बोलण्यात दम घालवू नको. ऊठ! हं! बघ, ह्या बारीला माज्या आरडण्याच्या आधी उठलीस. चल. असंच. पळायला येतंय का? दोन पावलं पळ. वा! मावशी एक शब्द बोलंनात, खरंच बेशुद्ध पडल्या का काय? मावशी? मावशी!

चन्नव्वा : गप गं. मी बेशुद्ध हाय.

पंचशीला : आली ढिगाला! खाली बस. हळू. झालं. बस्स, आज एवढंच. नेत्रा, उद्या काय बी करायचं न्हाई. जिना न्हाई, बैठका न्हाई, पोतं न्हाई. पायांना आराम. मी आता निघते, उद्या पहाटं ड्यूटी हाय.

नेत्रावती : चहा घेऊन जा की.

पंचशीला : परवा कलबुर्गीत पाजव. मी गेटावर उभी राहते. जय भीम मावशी!

चन्नव्वा : शरणु, शरणु. सावकाश जा. रस्त्यात खड्डे हाईत, तू पेंढी हाईस, उडून जाशील.

नेत्रावती : गेली. अत्ती, तुमी घरात चला. मी जरा बसते हितं. उभारायला येईना झालंय.

चन्नव्वा : कामून?

नेत्रावती : मांड्या थरथरायल्यात. होतंय तसं, जातंय थोड्या येळानं.

चन्नव्वा : हिकडं कर.

नेत्रावती : काय?

चन्नव्वा : पाय. माज्या मांडीवर ठेव.

नेत्रावती : अत्ती! नका, नका. तुमी माज्या पायाला हात लावू नका. काय तरीच काय? सोडा की!

चन्नव्वा : वढू नको. पोटरीत गोळा आलाय हा बघ, दगडावानी. असा दाबला की सुटतोय. दुखलं तर सांग.

नेत्रावती : मला कसं तरी व्हायलंय अत्ती. सासूनं सुनेचे पाय... असं कुणी करतंय का?

चन्नव्वा : गप पडून राहा. परवा हे पाय माज्या उंबऱ्याभाईर पडायचेत. थकलेले कामून पडावेत?